पुण्याचा रस्ता सायकलींचा होता तेव्हा

दिवेलागण झाली की पुण्याच्या चौकाचौकांत पोलीस सायकली अडवायचे. दिवा लावलाय का, घंटी वाजते का, मागे कॅरिअरवर किंवा पुढे दांडीवर कुणी बसलंय का, याची तपासणी व्हायची. दिव्याची सक्ती इतकी कडक होती, की रॉकेलच्या छोट्या दिव्यातली वात वाऱ्याने विझली तर माणूस खाली उतरायचा, सायकल हाताने ढकलत चौक ओलांडायचा आणि पलीकडे आडोशाला काडी ओढून वात पुन्हा पेटवायचा. सापडला तर दंड. काही वेळा नुसती चाकातली हवा सोडून देऊन सुटका व्हायची, मग घरापर्यंत पायपीट ठरलेली. ‘डबल सीट’ हा त्याहून मोठा गुन्हा. चौक जवळ आला की मागे बसलेला उडी मारून उतरायचा, साळसूदपणे चालत पुढे जायचा आणि पोलीस दिसेनासा झाला की पुन्हा कॅरिअरवर बसायचा. पन्नासच्या आणि साठच्या दशकांत पुण्यात वाढलेल्या बहुतेकांकडे अशी एक तरी आठवण असतेच.

या आठवणी सांगणारेही हसतात आणि ऐकणारेही. पण त्या जरा नीट ऐकल्या, तर त्या काळच्या रस्त्यावर कुणाला काय मान होता ते कळतं. रहदारीचे नियम सायकलस्वाराला समोर ठेवून केलेले होते, कारण रस्त्यावर बहुसंख्य तोच होता. त्याला वळताना हात दाखवावा लागे, रात्री दिवा लावावा लागे, सायकलचा कर भरून धातूचा बिल्ला सायकलला लावावा लागे. एवढी बंधनं ज्याच्यावर घातली, त्याला रस्त्याचा जबाबदार भागीदार मानलेलं होतं. पुढच्या पन्नास वर्षांत पुण्यात सायकलवरची ही बंधनं सुटत गेली आणि त्यांच्याबरोबर सायकलस्वाराचा रस्त्यावरचा हक्कही सुटत गेला. शहराच्या इतिहासात या बदलाची फारशी नोंद झालेली नाही. आज मोटार चालवणारा आणि सायकल चालवणारा एकमेकांना परके झाले आहेत, त्याचं मूळ मात्र त्याच बदलात आहे.

मराठी मुलखात सायकल आली ती साहेबाची आणि सधन माणसाची वस्तू म्हणून. तिला घराघरांत पोचवणाऱ्यांत बेळगावच्या किर्लोस्कर बंधूंचं नाव फार लवकर येतं. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना तिकडून सायकली खरेदी करून पाठवत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकत. विकून ते थांबत नसत, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. ज्या गावात दोन चाकांवर तोल सांभाळणारा माणूस कुणी पाहिलेलाच नाही, तिथे सायकल खपवायची तर आधी सायकलस्वार घडवायला हवा, हे त्यांना उमगलं होतं. पुढे याच घराण्याने लोखंडी नांगर केले, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना उभारला. त्या कारखान्याच्या पाळीवर येणारे कामगार सायकलवरून येत.

पुण्याला सायकल मानवली, त्याची कारणं शहराच्या ठेवणीत आहेत. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरचं हे गाव. उन्हाळा कडक असला तरी हवा कोरडी, मुंबईसारखा घाम नाही. सगळ्या पेठा मुठेच्या काठाला दाटीने वसलेल्या आणि जमीन पायडल मारणाऱ्याला दमवील इतकी चढाची नाही. पर्वतीचा किंवा चतुःशृंगीचा चढ वेगळा, पण रोजच्या कामाला तिथे कोण जातो? शनिवारवाड्यापासून फर्ग्युसन कॉलेज दोन-तीन किलोमीटरवर, खडकी सहा-सात किलोमीटरवर. चालायला लांब आणि टांग्याला रोज पैसे मोजायला महाग, अशी ही अंतरं. सायकलने मात्र ती दहा मिनिटांची ते अर्ध्या तासाची झाली.

शहराचे उद्योगही असे होते की लोकांना ठरलेल्या वेळी, एकदम, मोठ्या संख्येने हलावं लागे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे आणि आसपासच्या लष्करी आस्थापनांत कामगारांची संख्या वाढली. भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे, हे दृश्य अनेक पुणेकरांनी वर्णन केलेलं आहे. दुसरीकडे कॉलेजं. इंजिनीअरिंग कॉलेजची परंपरा १८५४ पासूनची, फर्ग्युसन १८८५ चं, सर परशुरामभाऊ कॉलेज १९१६ चं, विद्यापीठ १९४९ चं. तिसरीकडे कचेऱ्या, लष्कराची हिशेबखाती, छापखाने, शाळा. पुण्याचा कारकून, पुण्याचा मास्तर, पुण्याचा विद्यार्थी आणि पुण्याचा कामगार हे चौघे एकाच वाहनावर बसत. मोटारीने माणसांचे थर पाडले. सायकलीने, निदान रस्त्यावर असताना, त्यांना एका उंचीवर आणलं होतं. प्राध्यापकाची रॅले आणि फिटरची हर्क्युलिस यांत पैशाचा फरक असेल, पण वेगाचा नव्हता. ही गोष्ट पुढच्या सगळ्या कथेत महत्त्वाची आहे.

स्वातंत्र्यापर्यंत सायकली बहुतेक विलायतेहून येत. रॅले, हंबर, बीएसए, फिलिप्स ही नावं घरातल्या माणसांसारखी घेतली जात. मग देशी कारखाने उभे राहिले. मद्रासला १९४९ साली टीआय सायकल्स, सोनीपतला १९५१ साली अ‍ॅटलस, लुधियानात १९५६ साली हीरो. सायकल पगारदाराच्या आवाक्यात आली. ज्याला तीही परवडत नसे त्याच्यासाठी भाड्याच्या सायकलींची दुकानं होती. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घेई, तासावर पैसे घेई. पुण्यातल्या कित्येक मुलांनी पहिली सायकल चालवली ती अशीच, तासाभराच्या भाड्याने, मोठ्यांच्या सायकलच्या त्रिकोणातून पाय घालून ‘हाफ पायडल’ मारत. गुडघे फुटत, ढोपरं सोलवटत, पण तास संपायच्या आत तोल यायचाच.

मुलींचं सायकलवर येणं हा पुण्याच्या सामाजिक इतिहासातला वेगळा धडा आहे. हुजूरपागेसारख्या शाळांत शिकणाऱ्या, पुढे कॉलेजात जाणाऱ्या मुली आडवी दांडी नसलेल्या लेडीज सायकलवरून जाऊ लागल्या. पदर किंवा काठ चाकात अडकू नये म्हणून मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी असे. कुणाच्या सोबतीशिवाय, कुणाची वाट न पाहता घरापासून दोन-तीन मैल एकटीने जाता येणं, हे त्या पिढीतल्या मुलींना सायकलने दिलं. पुण्याच्या स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहिताना शाळांची आणि सुधारकांची नावं येतात, ती यायलाच हवीत. त्या यादीत सायकललाही जागा द्यायला हवी.

त्या काळचा रस्ता म्हणजे शिस्तीचा नमुना होता, असं समजायचं कारण नाही. पेठांतले रस्ते अरुंद होते. टांगे, बैलगाड्या, हातगाड्या, पाटी घेतलेले हमाल, रस्त्याच्या मधून चालणारी माणसं, सगळं त्यातच होतं. सायकलला सायकल घासायची, हँडल अडकायचं, मग दोघेही उतरून एकमेकांचा उद्धार करायचे. पुणेरी वादविवादाला तिथे काही कमतरता नव्हती. पण वेग ताशी दहा-पंधरा किलोमीटरचा. चूक झाली तरी सावरायला वेळ मिळे आणि धडक बसली तरी बहुधा खरचटण्यावर निभावे.

आणखी एक गोष्ट होती, ती कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती. पन्नास-साठच्या दशकांत पुण्यात ज्याच्या हाती मोटारीचं चाक किंवा स्कूटरचं हँडल आलं, तो माणूस कालपर्यंत सायकलवर होता. त्याची मुलं, त्याचा भाऊ, त्याच्या कचेरीतला शिपाई अजूनही सायकलवर होते. मागून हॉर्न वाजला की सायकलवाला दचकून कुठे वळतो, खड्डा आला की हँडल कसं एकदम फिरतं, उलट्या वाऱ्यात बाजूने मोठं वाहन गेलं की तोल कसा जातो, हे त्याला ठाऊक होतं. ते त्याने कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, अंगाने शिकलेलं होतं. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे पुण्याच्या रस्त्यांवरून स्कूटर चालवत, तेव्हा स्कूटर चालवणारी स्त्री हा शहराच्या कौतुकाचा विषय होता. त्यांच्या आजूबाजूला होती ती सायकलींची गर्दी. मोटार किंवा स्कूटर चालवणारा अल्पसंख्य होता आणि बहुसंख्यांची भाषा जाणत होता. रस्त्यावरचा समजूतदारपणा या ओळखीतून आलेला होता.

ही ओळख तुटायला सुरुवात झाली ती १९७२ च्या सुमारास.

त्या वर्षी दोन वाहनं बाजारात आली आणि दोघांचंही नातं पुण्याशी होतं. आकुर्डीच्या बजाज ऑटोने ‘चेतक’ आणली. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनीअरिंगने ‘लुना’ आणली. चेतकला लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. नोंदणी केल्यावर स्कूटर हाती यायला काही जणांना आठ-दहा वर्षंही थांबावं लागलं. लुनाची गोष्ट निराळी. ती हलकी होती, स्वस्त होती आणि तिला पायडल होतं. सायकलवर बसता येणाऱ्या कुणालाही लुनावर बसता येत होतं. शिक्षक, नर्स, कारकून, कॉलेजची मुलगी, निवृत्त गृहस्थ, ज्यांना स्कूटरची धास्ती वाटत होती ते सगळे लुनावर आले. सायकलपासून इंजिनापर्यंतची पायरी तिने बांधून दिली. पुण्याची माणसं त्या पायरीवरून चढत गेली आणि मागे वळली नाहीत.

त्यांना दोष देता येणार नाही. शहर पसरत चाललं होतं. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं, पाठोपाठ टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो कारखाने आले. पेठेतला माणूस कोथरूडला, बिबवेवाडीला, धायरीला राहायला गेला. पंधरा-वीस किलोमीटर जाऊन पाळी करायची आणि तितकंच परत यायचं, हे सायकलवर रोज जमण्यासारखं नाही. बस पुरेशा असत्या तर चित्र वेगळं झालं असतं. १९५० साली महापालिका झाली, तिच्याबरोबर पीएमटी आली, पण बसगाड्यांची संख्या लोकसंख्येच्या मागेच राहिली. मग ज्याला त्याला आपलं इंजिन हवं झालं. १९९१ नंतर स्कूटर आणि मोटारसायकल दुकानात जाऊन त्याच दिवशी घरी आणता येऊ लागली, कर्ज सहज मिळू लागलं, आणि जे वीस वर्षं हळूहळू चाललं होतं ते दहा वर्षांत पुरं झालं.

आरटीओच्या नोंदींनुसार २०१८ च्या मार्चअखेर पुण्यात सुमारे ३६ लाख वाहनं होती, आणि शहराची लोकसंख्या तेव्हा ३५ लाखांच्या आसपास धरली जात होती. माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्याची बातमी त्या वेळी देशभर गाजली. त्या गाड्यांत तीन चतुर्थांशांच्या आसपास दुचाकी होत्या. म्हणजे पुणं दोन चाकांवरच राहिलं. चाकांना जोर देणारं पायडल तेवढं गेलं.

इथे थोडं बाहेर पाहायला हवं, कारण अगदी याच काळात दुसऱ्या एका देशाने वेगळं वळण घेतलं. नेदरलँड्समध्येही युद्धानंतर मोटारी वाढल्या होत्या आणि सायकली मागे पडत होत्या. १९७१ साली तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. आपलं मूल गमावलेल्या एका पत्रकाराने संतापून लेख लिहिला आणि त्यातून ‘मुलांच्या हत्या थांबवा’ या नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यांवर बसले, रस्ते अडवले. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारने रविवारी मोटारींना बंदी केली आणि लोकांनी मोकळे रस्ते पाहिले. तिथला सायकलस्वार आज सुखाने जातो, तो डच माणूस जन्मतः सौजन्यशील असतो म्हणून नाही. लोकांनी भांडून रस्त्यावरची जागा परत मिळवली, गल्ल्यांत मोटारींचा वेग उतरवला आणि कायद्याने जबाबदारी जड वाहन चालवणाऱ्यावर टाकली. ज्या वर्षांत ॲमस्टरडॅमची माणसं हे करत होती, त्याच वर्षांत पुण्याचा मध्यमवर्ग चेतकच्या यादीत आपला नंबर कधी येतो याची वाट पाहत होता.

पुण्यात रस्ता कसा बदलला ते पेठांतून फिरणाऱ्याला समजतं. रहदारी वाढली तशी बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता एकेरी झाले, लक्ष्मी रस्ता एकेरी झाला. मोटारीला एकेरी रस्ता म्हणजे दोन मिनिटांचा वळसा. सायकलवाल्याला तोच वळसा म्हणजे वाढीव पायडल, तोही पूर्वीपेक्षा वेगवान झालेल्या रहदारीतून. पुढे चौकांवर उड्डाणपूल आले. रस्ते रुंद होत गेले आणि रुंद झालेला प्रत्येक फूट वेगवान वाहनाने घेतला. डावीकडची कड, जिथे सायकलवाला कसाबसा टिकून होता, तिथे पार्किंग आलं. आता पार्क केलेल्या गाडीचं दार अचानक उघडलं तर सायकलवाला उजवीकडे वळतो आणि मागून येणाऱ्या बससमोर जातो. रस्त्याची आखणीच त्याला या कात्रीत पकडते.

धोक्याचं गणित साधं आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. जिथे चालणारे आणि सायकलस्वार मोटारींबरोबर एकाच रस्त्यावर असतात, तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लुनाचा जुना वेग या मर्यादेच्या फार पुढे नव्हता. आजच्या मोटारसायकली पहाटेच्या मोकळ्या कर्वे रस्त्यावर त्याच्या दुपटीने जातात. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते.

पुणे महापालिकेने काही केलंच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. सुजित पटवर्धन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ‘परिसर’ संस्थेतून ऐंशीच्या दशकापासून चालणाऱ्यांचा, सायकलस्वारांचा आणि बसने जाणाऱ्यांचा प्रश्न लावून धरला. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसं वाहून नेण्याचा विचार करा, असं सांगितलं. त्याच वर्षाच्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली आणि तिच्या सोबतीने रस्त्याकडेला सायकल ट्रॅक आले. केंद्राचा पैसा होता, नकाशे होते.

पण जे बांधलं गेलं ते सायकल चालवणाऱ्याला विचारून बांधलेलं नव्हतं. ट्रॅक शंभर मीटर जाई आणि बसथांब्यापाशी संपे. पुढे विजेचा डीपी, त्यापुढे झाड, त्यापुढे पायऱ्या. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी उंची बदले. मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून लावलेल्या खांबांत सायकलचंच हँडल अडके. पेव्हर ब्लॉक खचून दात पडल्यासारखे झाले होते. जिथे ट्रॅक सलग होता तिथे चारचाकी उभ्या राहिल्या, टपऱ्या आल्या, राडारोडा पडला. मग सायकलवाला परत मुख्य रस्त्यावर आला आणि मागच्या मोटारीतून आवाज आला: ट्रॅक असताना इथे कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्याने त्या ट्रॅकवर एकदा सायकल घालून पाहावी. अर्ध्या किलोमीटरमध्ये उत्तर मिळेल.

नंतरची योजना अधिक विचारपूर्वक झाली. २०१६ साली महापालिकेने रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं केली. त्यानुसार जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले. १९७६ पासून तीनेक दशकं खड्डा न पडल्याबद्दल पुणेकर ज्याचं कौतुक करत आले, तोच हा रस्ता. चालणाऱ्यासाठी तो आज शहरातल्या सर्वांत सुखाच्या रस्त्यांपैकी एक आहे. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचं सायकल मार्गांचं जाळं मांडलं होतं. त्याच महिन्यात औंध आणि विद्यापीठ परिसरात मोबाइलवरून भाड्याने घ्यायच्या सायकली आल्या. पाठोपाठ आणखी कंपन्या आल्या. जुन्या तासावारी सायकलींचं हे नवं रूप पाहून जुन्या पुणेकरांना आनंद झाला. पण वर्ष-दीड वर्षात बहुतेक सायकली रस्त्यावरून नाहीशा झाल्या. काहींची मोडतोड झाली, कुलपं फोडली गेली, काही कंपन्यांनी देशातूनच गाशा गुंडाळला. भाड्याच्या सायकली आल्या, पण त्या चालवायला सलग, निर्धोक मार्ग आले नाहीत. आराखड्यातलं जाळंही फार थोडं उतरलं. बीआरटीचा काही भाग तर उखडला गेला, नगर रस्त्यावरची मार्गिका काढून टाकण्यात आली.

आज पुण्यात सायकल कोण चालवतं? दोन प्रकारची माणसं, आणि त्यांची एकमेकांशी गाठ क्वचितच पडते. एक आहेत पहाटे हेल्मेट घालून सिंहगडाकडे, लवळ्याकडे, कात्रजच्या घाटाकडे निघणारे. गेल्या वीस वर्षांत त्यांची संख्या चांगली वाढली. पुणे ते गोवा ६४३ किलोमीटरची ‘डेक्कन क्लिफहँगर’ शर्यत इथून सुटते. कर्वेनगरला २०१७ पासून जुन्या सायकलींचं संग्रहालय उभं आहे, तिथे महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकांची घडीची बीएसए पाहायला मिळते. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय दर्जाची टप्प्याटप्प्यांची सायकल शर्यत ठेवली गेली आणि तिच्यासाठी कित्येक किलोमीटर रस्ते नव्याने गुळगुळीत करण्यात आले.

दुसरे आहेत रात्रपाळीचे वॉचमन, बांधकामावरचे मजूर, दूध आणि पेपर टाकणारी मुलं, सरकारी शाळेत जाणाऱ्या मुली, धुणीभांड्यांच्या कामाला निघालेल्या बायका. त्यांच्या सायकलला गिअर नसतो, बहुधा दिवाही नसतो. ते कुठल्या क्लबचे सदस्य नसतात, वर्तमानपत्रात त्यांचा फोटो येत नाही. रस्त्यावरची सर्वांत मोठी जोखीम मात्र तेच उचलतात, कारण ते सुटीच्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर निघत नाहीत. ते रोज, गर्दीच्या वेळी, अंधारात निघतात. शर्यतीसाठी रस्ता गुळगुळीत करता येतो, तर सकाळी सहाच्या वॉचमनसाठी आणि दहाच्या शाळकरी मुलीसाठीही करता आला पाहिजे.

मोटार चालवणाऱ्या आजच्या पिढीतल्या पुष्कळांनी पुण्याच्या रहदारीत सायकल कधी चालवलेलीच नाही. सोसायटीच्या आवारात चालवली, मग थेट दुचाकीचं लायसन्स काढलं. मागच्या पिढीला जे अंगाने ठाऊक होतं ते यांना कुणी शिकवलेलं नाही, आणि चालकाचं लायसन्स देताना कुणी विचारतही नाही. म्हणून जुन्या ओळखीने जे काम केलं ते आता नियमाने, आखणीने आणि शिकवणीने करावं लागेल. नियम आहेतही. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत पादचारी, सायकलस्वार, लहान मुलं, वृद्ध आणि अपंग यांच्या सुरक्षिततेची विशेष काळजी घेणं चालकाचं कर्तव्य म्हणून सांगितलं आहे. सायकल ट्रॅकवर वाहन चालवायला मनाई आहे. चौकात सायकलचा दिवा तपासणाऱ्या जुन्या पोलिसाइतक्या निष्ठेने हे दोन नियम अमलात आले, तरी शहर बदलेल.

सायकलवाल्याच्या बाजूनेही जुन्या शिस्तीतलं काही परत यायला हवं. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा किंवा निदान परावर्तक, वळताना हात, उलट्या दिशेने न जाणं. जुन्या पोलिसाचा आग्रह योग्यच होता. रात्री दिसणं हे सायकलस्वाराचं निम्मं संरक्षण आहे.

बाकीचं निम्मं मात्र मागून येणाऱ्याच्या हातात आहे. सायकल ओलांडताना निदान दीड मीटर अंतर सोडा. तेवढी जागा नसेल तर थोडं मागे थांबा, चौक येईपर्यंत दहा सेकंद जातील. अगदी मागे येऊन हॉर्न वाजवू नका. सायकलला ओलांडून लगेच तिच्यासमोर डावीकडे वळू नका. उभ्या गाडीचं दार उघडण्याआधी आरशात आणि खांद्यावरून मागे पाहा. समोरून सायकल येत असेल तर दिवा खाली करा. ट्रॅकवर गाडी लावू नका, दोन मिनिटांसाठीही नाही. आणि एक काम घरबसल्या करता येईल. पुणे महापालिका २००६ पासून पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकासाठी प्रभागातल्या कामांच्या सूचना नागरिकांकडून मागवते. आपल्या मुलांच्या शाळेपर्यंतचा तुटलेला सायकल ट्रॅक जोडून द्या, मधला खांब हलवा, दिवा लावा, अशी एक सूचना आपल्या क्षेत्रीय कार्यालयात यंदा नक्की द्या.